विद्यार्थ्याची संचिका कुणाच्या कपाटात?

उच्च शिक्षणात ‘ई-पोर्टफोलिओ’ म्हणजेच इलेक्ट्रॉनिक संचिका आणावी, असा आग्रह गेली काही वर्षे परिसंवादांतून, प्राध्यापकांच्या उद्बोधन वर्गांतून आणि मूल्यांकनाच्या तयारीला लागलेल्या महाविद्यालयांच्या बैठकांतून वाढत्या आवाजात मांडला जात आहे. कल्पना तशी साधी आहे. विद्यार्थ्याने तीन-चार वर्षांत जे जे केले असेल, म्हणजे निबंध, प्रयोगांच्या नोंदी, गावपाहणीचे अहवाल, नकाशे, भाषणांची ध्वनिमुद्रणे, एवढेच काय पण फसलेले आराखडेही, ते सारे संगणकावर एके ठिकाणी जमा व्हावे. त्यातून त्याने स्वतः निवड करावी, हीच निवड का केली, काय उमगले आणि कोठे अडले याचे टिपण लिहावे, शिक्षकाने ते वाचून त्याच्याशी चर्चा करावी, आणि हा संचय पदवीनंतरही विद्यार्थ्याच्या हाती राहावा. तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेवर एका पिढीचे भवितव्य टांगून ठेवणाऱ्या आपल्या परीक्षापद्धतीकडे पाहता या कल्पनेला विरोध करण्याचे काहीच कारण दिसत नाही. आणि मूळ कल्पनेपुरते ते नाहीही. प्रश्न उपस्थित होतो तो पुढे. ही संचिका कुणाच्या कपाटात राहणार, त्या कपाटाची किल्ली कुणाजवळ असणार, आणि ती वाचण्याचे श्रम कोण कोणत्या वेतनावर करणार, या तीन गोष्टींची उत्तरे मिळाल्यावाचून संचिकेचे स्वागत करणे म्हणजे जाहिरात वाचून माल घेण्यासारखे आहे.

संचिका ही काही संगणकाने जन्माला घातलेली वस्तू नव्हे. चित्रकार आणि वास्तुशिल्पी आपल्या कामाचे नमुने पाकिटात घालून हिंडत आले आहेत. शिक्षणात तिला प्रतिष्ठा मिळाली ती अमेरिकेत १९८० च्या दशकात. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या स्टोनी ब्रुक येथील शाखेत पीटर एल्बो आणि पॅट बेलानॉफ या दोन अध्यापकांनी लेखनाच्या प्रावीण्य परीक्षेऐवजी विद्यार्थ्याने सत्रभर लिहून, सुधारून, पुन्हा लिहून तयार केलेल्या लेखांची संचिका तपासण्याची पद्धत सुरू केली. घड्याळ लावून लिहिलेला एक निबंध माणसाच्या लेखनाविषयी फारसे काही सांगत नाही, हा त्यामागील विचार होता. मात्र हीच संचिका जेव्हा राज्यव्यापी मोजपट्टी म्हणून वापरण्यात आली तेव्हा काय घडले, हेही ध्यानात घेणे अगत्याचे आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी व्हरमाँट राज्याने शाळांतून लेखन व गणित यांच्या संचिका गोळा करून गुण देण्यास सुरुवात केली. रँड या संस्थेच्या अभ्यासात असे आढळले की, एकाच संचिकेला दोन परीक्षकांनी दिलेल्या गुणांत पुरेसा मेळ बसत नव्हता. शिक्षक-विद्यार्थी संवादाचे साधन म्हणून जी गोष्ट उत्तम, ती तुलनेचे आणि निवडीचे हत्यार म्हणून कुचकामी ठरू शकते. हा धडा पुढे संगणकाच्या झगमगाटात सोयीस्करपणे विसरला गेला.

आपल्या देशालाही हा विचार परका नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रगतीची सातत्याने नोंद ठेवण्याची शिफारस केली होती. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने बाह्य परीक्षेच्या जोडीला अंतर्गत मूल्यमापन आणि संचयी नोंदपत्रके यांचा पुरस्कार केला. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे. शिफारशी छापल्या गेल्या. वर्ग साठ-सत्तर मुलांचेच राहिले.

संचिकेचे सर्वोत्तम रूप पाहावयाचे असेल तर न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजकडे पाहावे लागते. १९७१ साली सुरू झालेल्या या सरकारी महाविद्यालयात स्थलांतरितांच्या आणि मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबांतील मुले-मुली शिकतात. कित्येकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेले ते पहिलेच. चालू शतकाच्या आरंभी तेथे इलेक्ट्रॉनिक संचिकेचा प्रयोग सुरू झाला आणि त्यात या मुलांनी आपल्या अभ्यासाबरोबर आपले देशांतर, आपली भाषा, घरातले कष्ट यांनाही जागा दिली. वर्गातले ज्ञान आणि वर्गाबाहेरचे जगणे यांची गाठ घालण्यास तेथील अध्यापकांनी त्यांना मदत केली. त्यासाठी अध्यापकांचे प्रशिक्षण, मदतनीस विद्यार्थी आणि सरकारी अनुदान या तिन्हींची तजवीज करण्यात आली होती. २०११ ते २०१४ या काळात लाग्वार्डियाच्या पुढाकाराने २४ संस्थांचे एक जाळेच उभे राहिले, आणि २०१६ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयांच्या व विद्यापीठांच्या संघटनेने संचिकेला अध्यापनाच्या विशेष परिणामकारक पद्धतींच्या यादीत अकरावे स्थान दिले. आपल्याकडील परिसंवादांत या अकराव्या स्थानाचा उल्लेख न चुकता होतो. अनुदानाचा आणि मदतनिसांचा मात्र होत नाही.

पिअर्सनच्या दारात

त्याच देशात, त्याच सुमारास, संचिकेचे दुसरे रूपही आकाराला येत होते. शिक्षक होऊ पाहणाऱ्या उमेदवाराने आपले पाठ टाचण, शिकवितानाचे चित्रीकरण, मुलांच्या वह्यांतील नमुने आणि या सर्वांवरील आपले भाष्य संगणकातून सादर करावयाचे आणि त्यावरून त्याला शिक्षकाचा परवाना द्यावयाचा की नाही हे ठरावयाचे, अशी ‘एडटीपीए’ नावाची परीक्षा स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका केंद्राने रचली. रचनेमागचा हेतू प्रामाणिक असेलही. परंतु ती चालविण्याचे काम पिअर्सन या बहुराष्ट्रीय कंपनीकडे गेले आणि संचिकेचा सारा स्वभावच पालटला. उमेदवारामागे शुल्क ३०० डॉलर. तपासणारा परीक्षक उमेदवाराला कधीही न भेटलेला, आणि एका संचिकेमागे ७५ डॉलर घेऊन तुकड्यावर काम करणारा. ज्या अध्यापकांनी त्या मुलाला वर्षभर वर्गात शिकविताना पाहिले होते, त्यांचे मत या व्यवहारात गौण ठरले.

२०१२ साली, ही परीक्षा अजून चाचणीच्या अवस्थेत असताना, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲम्हर्स्ट येथील शिक्षक-प्रशिक्षणार्थींनी आपली चित्रीकरणे आणि ४० पानांची उत्तरे पिअर्सनकडे पाठविण्यास नकार दिला. ६८ पैकी ६७ जणांनी! आपल्या शिकविण्याचा निवाडा आपल्याला ओळखणाऱ्यांनी करावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. या विद्यार्थ्यांची बाजू उघडपणे मांडणाऱ्या प्राध्यापिका बार्बरा मॅडेलोनी यांना त्यानंतर त्यांचा करार पुढे चालू ठेवला जाणार नसल्याचे कळविण्यात आले. दोनच वर्षांनी, २०१४ मध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षक संघटनेने त्यांना अध्यक्षपदी निवडून दिले. ही निवड अमेरिकन वृत्तपत्रांच्या शिक्षणविषयक पुरवण्यांत जेवढी गाजावयास हवी होती तेवढी गाजली नाही.

त्या विद्यार्थ्यांचा नकार त्या वेळी अनेकांना हट्टीपणाचा वाटला. न्यूयॉर्क राज्याने तर २०१४ पासून ही परीक्षा सक्तीची केली. पुढे शिक्षकांचा तुटवडा, शुल्काचा बोजा आणि गरीब व कृष्णवर्णीय उमेदवारांवर होणारा परिणाम यांची चर्चा वाढत गेली. जॉर्जियाने २०२० मध्ये, वॉशिंग्टन राज्याने २०२१ मध्ये आणि खुद्द न्यूयॉर्कने २०२२ मध्ये ही सक्ती मागे घेतली. ज्यांनी मधल्या काळात ३०० डॉलर भरले, ज्यांनी चित्रीकरणासाठी वर्गातील मुलांच्या पालकांच्या परवानग्या गोळा करण्यात आठवडेच्या आठवडे घालविले, त्यांना अर्थातच कुणी काही परत केले नाही.

विकली जाणारी कपाटे

संचिकेच्या मालकीचा प्रश्न याहून सूक्ष्म रीतीनेही उभा राहतो. पोर्टफोलियम नावाच्या एका अमेरिकन कंपनीने विद्यार्थ्यांना आपल्या कामाचे नमुने ठेवण्यासाठी जागा दिली. ते नमुने पाहून मालकवर्गाने उमेदवार निवडावेत अशी तिची योजना होती. म्हणजे संचिका हे विद्यार्थ्याचे दप्तर न राहता श्रमाच्या बाजारातील मालाची मांडणी बनली. २०१९ मध्ये ही कंपनी ‘कॅनव्हास’ ही अध्यापनप्रणाली चालविणाऱ्या इन्स्ट्रक्चर कंपनीने विकत घेतली. २०२० मध्ये इन्स्ट्रक्चर थोमा ब्राव्हो या गुंतवणूकदार संस्थेने सुमारे २०० कोटी डॉलरना घेतली, आणि २०२४ मध्ये ती केकेआर या दुसऱ्या गुंतवणूकदार संस्थेने व तिच्या भागीदारांनी सुमारे ४८० कोटी डॉलरना घेतली. पाच वर्षांत कपाटाचे धनी तीनदा बदलले. अशा कंपनीची किंमत ठरविताना तिची यंत्रे तेवढी मोजली जात नाहीत. लक्षावधी विद्यार्थी, त्यांच्या कामाच्या आणि वर्तनाच्या साचत गेलेल्या नोंदी आणि त्या सोडून जाण्यास अवघड झालेली विद्यापीठे यांनाही त्या किमतीत मोल असते. २०१९-२० च्या खरेदीच्या वेळी अमेरिकेतील अध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या या माहितीचे पुढे काय होणार असा प्रश्न जाहीरपणे विचारला होता, तो निराधार नव्हता.

यास पर्याय नाही असे मानण्याचेही कारण नाही. न्यूझीलंडमध्ये २००६ साली उच्च शिक्षण आयोगाच्या सरकारी निधीतून, मॅसी विद्यापीठ आणि इतर काही संस्थांच्या सहकार्याने ‘माहारा’ ही संचिकाप्रणाली तयार झाली. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ विचार करणे, आठवणे असा आहे. ही प्रणाली मुक्त परवान्याखाली आहे. कोणतेही विद्यापीठ ती मोफत घेऊन स्वतःच्या यंत्रावर चालवू शकते, तिच्यात फेरबदल करू शकते, तिचे भाषांतर करू शकते. तिची मूळ रचनाच अशी आहे की, कोणते पान कुणी पाहावयाचे, किती दिवस पाहावयाचे, हे विद्यार्थी ठरवितो. सार्वजनिक पैशातून सार्वजनिक मालकीचे साधन निर्माण करता येते, याचे हे उदाहरण कुणा क्रांतिकारी राजवटीचे नसून एका सामान्य भांडवलदारी देशाचे आहे. आपल्याकडे केरळने २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ योजनेतून पुढे सरकारी शाळांत मुक्त संगणकप्रणालीची वाट धरली, ती याच दिशेची.

मालकी विद्यार्थ्याकडे असली तरी एक धोका उरतोच, आणि तो संचिकेच्या गाभ्यातील गोष्टीशी, म्हणजे आत्मपरीक्षणाशी निगडित आहे. ब्रिटनमध्ये शिकाऊ डॉक्टरांना इलेक्ट्रॉनिक संचिकेत आपल्या कामाविषयी, चुकांविषयी मोकळेपणाने लिहावे लागते. २०११ साली लेस्टर येथील रुग्णालयात एका लहान मुलाचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात २०१५ मध्ये एका कनिष्ठ डॉक्टर महिलेस शिक्षा झाली, जानेवारी २०१८ मध्ये तिचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढण्यात आले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. तिच्या संचिकेतील टिपणे तिच्याचविरुद्ध वापरली गेली, अशी बातमी मधल्या काळात पसरली. ती संचिका ज्यूरीपुढे ठेवली गेली नव्हती हे पुढे स्पष्ट झाले. तरीही देशभरच्या तरुण डॉक्टरांनी आपल्या टिपणांतून प्रामाणिकपणा काढून घेण्यास सुरुवात केली होती. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या विल्यम्स समितीने वैद्यकीय परिषदेला अशी टिपणे मागण्याचा अधिकार असू नये अशी शिफारस केली. वरिष्ठाच्या नजरेखाली लिहिलेले आत्मपरीक्षण हे बहुधा अर्जाच्या भाषेत लिहिले जाते, हे चाळीस वर्षे नोकरी केलेल्या कोणत्याही कारकुनाने समितीला आधीच सांगितले असते.

आपल्याकडे काय उभे राहत आहे?

भारतात आज जे उभे राहत आहे ते मात्र संचिका नव्हेच. २०१५ मध्ये डिजिलॉकर आले. २०१७ मध्ये पदव्या व गुणपत्रकांचे राष्ट्रीय भांडार सुरू झाले, तेही आरंभी शेअर बाजाराच्या रोखे-भांडारांच्या उपकंपन्यांकडे सोपवून. २०२० मध्ये ते डिजिलॉकरकडे आणण्यात आले. जुलै २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनी ‘ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ स्थापन झाली. २०२३ मध्ये ‘अपार’ हा बारा अंकी विद्यार्थी क्रमांक आला आणि ९ व १० डिसेंबर २०२४ रोजी शाळाशाळांतून ‘मेगा अपार दिवस’ साजरे झाले. कागदावर संमती ऐच्छिक. पण जिचे ‘दिवस’ साजरे होतात आणि जिची टक्केवारी वर कळवावी लागते, ती संमती कितपत ऐच्छिक राहते हे मुख्याध्यापकांनाच ठाऊक. शालेय प्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्येच सांगितले आहे. तरीही ‘अपार’ आधारावर बेतलेले आहे, आणि आधारावरील नाव व शाळेच्या नोंदवहीतील नाव यांत एका अक्षराचा फरक पडला तरी पालकांना हेलपाटे घालावे लागतात.

या साऱ्यात विद्यार्थ्याचे काम कोठेच नाही. आहे ते त्याचे श्रेयांक, म्हणजे कामाचा आकड्यात उतरवलेला मोबदला. बँकेची उपमा शासनानेच निवडली आहे, आणि ती बोलकी आहे: ठेव, हस्तांतर, आणि साधारणपणे सात वर्षांची मुदत. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका. फी झेपत नाही किंवा घरात कमावणारे कुणी नाही म्हणून शिक्षण सोडणाऱ्या मुलीच्या गळतीला यापुढे ‘निर्गमन’ असे सुबक नाव मिळाले आहे. सात वर्षांत ती परत आली नाही तर काय, याचे उत्तर खातेवहीत आहे. इलेक्ट्रॉनिक संचिका जर याच खातेवहीला जोडून, याच क्रमांकाखाली आली, तर विद्यार्थ्याने विसाव्या वर्षी लिहिलेला आंदोलनाचा अहवाल, जातीविषयीचे टिपण किंवा एखादा कच्चा, संतप्त निबंध जन्मभर त्याच्या नावाला चिकटून राहील. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने शासनाच्या यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार शासनाकडेच ठेवला आहे, हे येथे विसरून चालणार नाही.

दुसरी बाब श्रमाची. संचिका वाचावी लागते. न वाचलेली संचिका ही रद्दी आहे. ८० विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाची संचिका सत्रातून दोनदा, केवळ अर्धा-अर्धा तास वाचावयाची म्हटली तरी एका विषयासाठी ८० तास होतात. हे तास आज कुणाच्याही कार्यभारात धरलेले नाहीत. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत मोठा भार तासिका तत्त्वावरील अध्यापक वाहतात, इतर राज्यांत तोच अतिथी अध्यापकांवर आहे. आयोगाच्या २०१९ च्या आदेशानुसार अतिथी अध्यापकाला तासाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये. प्रत्यक्षात अनेकांच्या हाती यापेक्षा कितीतरी कमी पडते, आणि सुट्टीच्या महिन्यांत काहीच पडत नाही. ज्याला शिकविण्याच्या तासाचेच पैसे मिळतात त्याने वाचनाचे ८० तास कोठून आणावेत?

मग काय होते हे आपल्याला चांगलेच परिचित आहे. विज्ञान शाखेची जर्नले वरच्या वर्गाच्या जर्नलांवरून उतरविली जातात, शेवटच्या आठवड्यात सह्यांसाठी रांग लागते आणि ‘सबमिशन’ पार पडते. शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले तेव्हा प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद करण्याचा उदात्त हेतू होता. थोड्याच काळात तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात मिळू लागल्या आणि राज्यभरची मुले एकाच शब्दांत ‘स्वयंस्फूर्तीने उपक्रमात सहभागी’ होऊ लागली. शिक्षकाला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. ज्या कामाला वेळ दिला जात नाही, ते काम नक्कल होऊनच येते. आता तर आत्मपरीक्षणाचे टिपणही यंत्राकडून क्षणात लिहून मिळते, तेव्हा न वाचल्या जाणाऱ्या संचिका न लिहिलेल्या मजकुराने भरल्या जातील.

साधनांची विषमता तर उघडच आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के आणि शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के कुटुंबांकडेच संगणक होता. त्यानंतर मोबाइल पसरला. पण फुटलेल्या काचेच्या मोबाइलवर भूगोलाचा नकाशा रेखाटणे आणि घरच्या संगणकावर तो सजविणे यांतील अंतर संचिकेच्या पानावर कुणालाही दिसेल. २०२१-२२ मध्ये देशात ४.३३ कोटी विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. त्यांतील ज्यांच्याकडे चांगला कॅमेरा, स्वस्थ खोली आणि इंग्रजी, त्यांची संचिका नेटकी, इतरांची ‘दुर्बल’. भाषेबाबत मात्र संचिकेत खरी संधी आहे. बेळगाव, इंदूर किंवा बडोद्यातील मराठी विद्यार्थ्याला आपल्या घरातील आठवणींचे ध्वनिमुद्रण मराठीत ठेवता येईल, आदिवासी विद्यार्थिनीला आपल्या बोलीत बोलता येईल, आणि परीक्षेच्या माध्यमाचे बंधन तेथे शिथिल होईल. अर्थात प्रणाली त्या लिपीत चालली पाहिजे आणि वाचणारा ती भाषा जाणणारा असला पाहिजे.

म्हणून विद्यार्थी आणि शिक्षक संघटनांनी ‘संचिका हवी की नको’ या वादात गुंतून न पडता, विद्यापीठांच्या निविदा निघण्यापूर्वीच अधिसभांत आणि विद्या परिषदांत अटी मांडावयास हव्यात. प्रणाली मुक्त परवान्याची आणि विद्यापीठाच्या अथवा राज्याच्या स्वतःच्या यंत्रावरची असावी. आधार, अपार किंवा श्रेयांक बँक यांच्याशी तिची जोडणी नसावी. आत्मपरीक्षणाची टिपणे गुणांकनाबाहेर आणि प्रशासनाच्या नजरेबाहेर राहावीत. संचिका वाचनाचे तास कार्यभारात धरले जावेत आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांना त्यांचे वेगळे मानधन मिळावे. प्रत्येक महाविद्यालयात रात्री आठपर्यंत उघडी असणारी संगणक खोली असावी. आणि पदवी हाती पडते त्या दिवशी विद्यार्थ्याला आपली सारी संचिका पेन ड्राइव्हवर उतरवून घरी नेण्याची, आणि हवी असल्यास विद्यापीठाच्या यंत्रावरून ती कायमची पुसून टाकण्याची मुभा असावी, कोणत्याही शुल्कावाचून.